पार्षद भैया, रस्ता मोठा नको, शाळेपर्यंतची कड तेवढी मोकळी द्या

पार्षद भैया (म्हणजे आपले नगरसेवक), झोनवरचे साहेब, दोन्ही शाळांचे प्राचार्य आणि आपल्या कॉलनीतली समस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हिंदीतलं निवेदन झोनवर, म्हणजे इंदूर महापालिकेच्या झोन ऑफिसात, दिलंच आहे, सह्या-फोटो सगळं लावून, पोच पण घेतलीये. मग हे मराठीत वेगळं कशाला? एक तर भैया तुम्हाला मराठी येते हे साऱ्या गल्लीला माहीत आहे, गणपतीत आरतीला तुमचा आवाज आमच्यापेक्षा वर असतो, आणि दुसरं म्हणजे निवेदनात जे लिहिता येत नाही ते आपल्याच लोकांना सांगायचंय. निवेदनात आपण सगळे बिचारे असतो आणि जे करायचं ते सगळं सरकारनी. इथं मी तसं लिहिणार नाहीये, तेव्हा कॉलनीवाल्यांनी आधीच रागावून घ्या.

मागणी एवढीच की कॉलनीच्या गेटपासून शाळांच्या गेटपर्यंत, साधारण पाऊण किलोमीटर, रस्त्याच्या एका बाजूची कड मुलांना चालायला सलग मोकळी पाहिजे आणि मधला साठ फुटी रोड ओलांडायला एक धड जागा पाहिजे. बस. नवीन रोड नको, चौडीकरण नको, फुटओव्हर ब्रिज तर मुळीच नको, दप्तर घेऊन कोण चढणार त्या पायऱ्या. आणि हे जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पाहिजे, कारण एकदा पाऊस लागला की रंगही टिकत नाही आणि मजूरही मिळत नाहीत.

रस्ता तुम्हाला पाठ आहे पण तो गाडीच्या काचेतून, म्हणून एकदा पायी सांगते, आणि सहा वर्षाच्या मुलाच्या उंचीनं सांगते. गेटातून निघून डावीकडे वळलं की फुटपाथ आहे बरं का, कागदावर पण आहे आणि जागेवर पण आहे, पेवर ब्लॉक लावलेले आहेत, फक्त त्यावर चालून दाखवायचं. पहिल्या घराचा रॅम्प, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा त्याहून लांब कारण त्यांची कार खाली टेकते, मधल्या खाचांमध्ये कोणाच्या कुंड्या, कोणाचा कूलरचा स्टँड, एकांनी तर ओटा वाढवून त्याला जाळी लावून आत स्कूटर ठेवलीये. मूल बिचारं वर चढ, खाली उतर, परत चढ, असं चार घरं करतं आणि मग कंटाळून रोडवर येतं, मोठी माणसं तर पहिल्या घरालाच उतरतात. रोडवर उतरलं तर कडेला गाड्या लावलेल्या, म्हणजे गाड्यांच्याही बाहेरून चालायचं, म्हणजे जवळजवळ मधोमध. हल्लीच्या त्या उंच गाड्यांचं बोनेट पहिलीतल्या मुलाच्या डोक्याशी येतं, दोन गाड्यांच्या फटीतून मूल बाहेर आलं तर येणाऱ्या बाइकवाल्याला मूल दिसत नाही आणि मुलाला बाइक दिसत नाही, यात चूक कोणाची काढणार.

पुढे डीपी आहे, विजेची पेटी, तिचं झाकण तारेनं बांधलेलं आहे. पावसाळ्यात मुलं तिच्याजवळून हात अंगाशी धरून जातात, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, आपोआप शिकलीत.

त्यापुढे ठेले, आणि इथं मला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचंय. कॉलनीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी सूचना काय आली, तर ठेले हटवा. अहो, सकाळी सातला त्या रस्त्यावर मुलांकडे लक्ष असणारं एकच मोठं माणूस असतं, ते म्हणजे तो पोहेवाला. कोणाचा बूट सुटला, कोण रडतंय, कोणाला कुत्र्याची भीती वाटतेय, सगळं त्याला माहीत. आणि २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यांना असं उठवून लावायचं नसतं, जागा ठरवून द्यायची असते. समोर बगीच्याच्या भिंतीला लागून जागा आहे, तिथं ठेले लागले आणि इकडची कड मुलांना राहिली तर दोघांचं भागतं. आपल्या कुंड्या आणि जाळ्या मात्र त्या कायद्यात कुठंच बसत नाहीत, हे लक्षात असू द्या.

मग येते पुलिया, नाल्यावरचा छोटा पूल. खरी भीती इथं. दोन ई-रिक्षा समोरासमोर आल्या की पायी माणसाला जागा उरत नाही, एका बाजूची रेलिंग अर्धी आहे, आणि जोराच्या पावसात नाल्याचं पाणी वर आलं की रोड कुठे संपला नि नाला कुठे सुरू झाला ते आपल्यालाही कळत नाही तर मुलांना काय कळणार. त्यातून खोदकाम झालं असेल, नर्मदेच्या पाण्याच्या लाइनचं म्हणा, ड्रेनेजचं म्हणा, कोणी खोदलं ते मी विचारतच नाही, पण चेंबरचं झाकण रोडच्या वर नाहीतर खाली, बरोबरीला कधीच नाही. पुलियासाठी फार काही नकोय, रेलिंग पूर्ण करा आणि एका बाजूला लोखंडी खांब रोवून मुलांपुरती पट्टी वेगळी काढून द्या. गाड्यांना एका वेळी एकच जाता येईल, जाऊ दे की, थांबतील अर्धा मिनिट.

आता साठ फुटी. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, पाठीवर दप्तर असेल तर त्याहून कमी, म्हणजे पलीकडे जायला अठरा-वीस सेकंद धरा. पन्नासच्या स्पीडनं येणारी बाइक तेवढ्या वेळात अडीचशे मीटर येते. आणि वळण तर त्याच्या आतच आहे! म्हणजे मूल पाऊल टाकतं तेव्हा ज्या गाडीपासून त्याला धोका आहे ती गाडी अजून दिसायच्या जागेवर आलेलीच नसते. त्याला "नीट बघून जा रे" सांगून काय उपयोग, त्यानी बघितलं तरी दिसायला काहीच नव्हतं. शिवाय लहान मुलं गाडी किती लांब आहे ते बघतात, किती जोरात येतेय याचा अंदाज त्यांना येत नाही, ते वयानंच येतं. डिवाइडरला कट आहे पण तिथं मधे थांबायला जागा नाही, तिथून उलट्या बाजूनी येणारे वळतात.

त्यामुळे नुसते पांढरे पट्टे मारून देऊ नका, पट्टे आम्ही खूप बघितले, दिवाळीपर्यंत पुसतात. उचललेला झेब्रा द्या, म्हणजे तोच ब्रेकर आणि तोच रस्ता ओलांडायचा ओटा, गाडीला हळू व्हावंच लागतं, पाटीवर विश्वास ठेवायची गरज नाही. आणि डिवाइडरमध्ये चार मुलं उभी राहतील एवढा चौथरा. मग मुलाला एका वेळी नऊच मीटर बघायचे, एकाच बाजूच्या गाड्या. आजूबाजूला स्पीड तीसच्या वर नको. २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली होती, तिच्या जाहीरनाम्यातही हेच आहे की जिथं पायी माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथं तीस. आपल्या कॉलनीतले घरगुती ब्रेकर मात्र नकोत हं, जे कोणी रात्रीतून सिमेंट टाकून बनवतं आणि ज्यांनी आमच्या कमरा गेल्या.

आता शाळेचं गेट. इथं लिहायला हात जरा अडखळतो कारण इथं आपणच आहोत. सकाळी सव्वासातला गेटासमोर कार, व्हॅन, मॅजिक, अॅक्टिव्हा, ई-रिक्षा, प्रत्येकाला आपलं पोर गेटाच्या अगदी तोंडाशी उतरवायचंय, मागचा हॉर्न मारतो, पुढचा यू-टर्न घेतो. शाळेच्या आजूबाजूला शंभर मीटर सायलेन्स झोन जाहीर करता येतो, २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांत लिहिलंय, इथं तर प्रार्थना ऐकू येत नाही. गाडीनं का सोडता विचारलं की सगळे सांगतात, रस्ता किती वाईट आहे, पायी कसं पाठवायचं. बरोबर आहे. पण रस्ता वाईट कशानं झाला, तर अर्ध्याहून जास्त या गाड्यांनीच झाला! दरवर्षी दोन-चार घरं पायी सोडायचं बंद करतात, तेवढ्या गाड्या वाढतात, ते बघून आणखी दोन-चार घरं बंद करतात. हे चक्र कोणा एका आईबापानी थांबवायचं म्हटलं तर थांबणार नाही, आपलं पोर पहिलं कोण पाठवेल? म्हणून आधी कड मोकळी पाहिजे, मग गाड्या आपोआप कमी होतील. उलटं होणार नाही.

आणि एक गोष्ट जी मीटिंगमध्ये कोणीच काढली नाही. मागच्या बस्तीतली मुलं, सरकारी शाळेत जाणारी, ती आजही पायीच जातात, ह्याच पुलियावरून, हाच साठ फुटी ओलांडून, धाकट्या भावाचा हात धरून. त्यांच्यासाठी कोणी निवेदन दिलं नाही कारण त्यांच्याकडे दुसरा काही पर्याय आहे असं आपल्या मनातच येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या केंद्राच्या मॉडेल नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे, आणि ते अंतर पायी चालायचं धरलंय. म्हणजे सरकारनी शाळा बांधताना मूल चालत येणार असं गृहीत धरलं, रस्ता बांधणाऱ्याला मात्र ते कोणी सांगितलंच नाही.

आकडे मला आवडत नाहीत पण एक सांगते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. दिवसाला नव्वद. ते कार चालवत नव्हते, दारू प्यायलेले नव्हते, नुसते चालत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा हुकूम लागू झाला, चांगलाच होता, पण पायी जाणाऱ्या पोराला कुठलं हेल्मेट घालणार. सुप्रीम कोर्टानी मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोकळा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना आहेत, फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा पाहिजे, म्हणजे सहा फूट, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आपला कुठे गुडघ्याला लागतो, कुठे रोडमध्येच बुडालाय. झोनवरच्या साहेबांना हे सगळं आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी फक्त एवढं म्हणतेय की आम्हालाही माहीत आहे.

होणार नाही असं कोणी म्हणू नका. हे इंदूर आहे. २०१७ पासून सलग आठ वेळा स्वच्छतेत पहिला नंबर काढला तो काय वरून पडला? ओला वेगळा सुका वेगळा हे आमच्या सासूबाईंना ऐंशीच्या वयात जमलं, गाडीचं गाणं वाजलं की डबे घेऊन पळायच्या. कचरापेट्या रस्त्यावरून हटल्या, ३११ ॲपवर फोटो टाकला की ढीग उचलला जातो. सवय बदलायला हे शहर घाबरत नाही. बाहेरगावचे पाहुणे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला खाऊन झाल्यावर द्रोण हातात धरून डबा शोधतात ते आपल्याला बघूनच ना.

आणि ही चढाओढ काही आजची नाहीये. शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबारनी पॅट्रिक गेडीज नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरला बोलावलं होतं. प्लेगचे दिवस. त्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली, घाणीचा राक्षस, प्लेगचा उंदीर अशी सोंगं होती, पण खरी युक्ती वेगळीच होती. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त होतील तिथून जाईल, असं आधीच जाहीर करून टाकलं. झालं, गल्लीगल्लीत स्पर्धा लागली. १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला अहवाल दिला. त्यांचं म्हणणं असायचं की जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा जिथं अडतंय तिथं थोडं थोडं कापा, बाकी जिवंत राहू द्या. आमची मागणी त्याच जातीची आहे. कुठे रॅम्प कापा, कुठे रेलिंग जोडा, कुठे खांब रोवा. मोठ्या टेंडरचं काम नाही म्हणून कोणाला त्यात रस वाटत नसेल तर ते मला कळतं, पण तरी करा.

आमची पुण्याची मंडळी फोनवर ऐकवतात की ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करतात. आता आपण इंदूरकरांनी पुणेकरांकडून ऐकून घ्यायचं म्हणजे जरा जडच जातं. मी पण सांगितलं की आमच्याकडे २२ सप्टेंबर २०२३ ला नो कार डे झालाय. पण खरं सांगू का, एका दिवसाचं फोटोत छान दिसतं, शाळा मात्र रोज असते.

प्राचार्य मॅडम आणि सर, तुमच्याकडे दोनच गोष्टी मागते. एक, दोन्ही शाळा एकाच वेळी सुटतात, त्यात पंधरा मिनिटांचा फरक करता आला तर पुलियावरची अर्धी गर्दी तिथंच कमी होते, पैसा लागत नाही. दोन, गाडीनं येणाऱ्यांना गेटाच्या तोंडाशी नको, बगीच्याच्या कोपऱ्यावर उतरवू द्या, तिथून मुलं शंभर पावलं चालतील. आणि ते नववी-दहावीवाले जे अॅक्टिव्हा घेऊन येतात आणि लांब कुठेतरी लावून पायी आल्यासारखं दाखवतात, त्यांच्या पालकांना एकदा बोलावून २०१९ ची दुरुस्ती वाचून दाखवा, अल्पवयीन मुलानी गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्षासाठी रद्द. त्यांना वाटतं फक्त चालान फाटतं.

भैया, तुमच्याकडे झेब्रा, चौथरा, रेलिंग, खांब, ठेल्यांची जागा आणि डीपीचं झाकण. ट्रॅफिकचा एक जवान सकाळी पाऊण तास आणि दुपारी पाऊण तास साठ फुटीवर मिळाला तर सोन्याहून पिवळं, निदान पहिले दोन महिने, लोकांना सवय लागेपर्यंत. आधीच्या उद्घाटनासारखं रिबिन-बिबिन नको, काम रात्री झालं तरी चालेल.

आणि कॉलनीवाल्यांनो, आता आपलं. रॅम्प फुटपाथच्या आत घ्यायचे. आपल्या फाटकाच्या आत घ्या, चढ जरा खडा होईल, गाडी जरा सावकाश चढवा. कुंड्या गच्चीवर. कूलर खिडकीला, स्टँडवर नाही. ज्यांच्या दोन गाड्या आहेत आणि जागा एकीची आहे त्यांनी सकाळी साडेसहा ते आठ दुसरी गाडी बगीच्याच्या बाजूला लावायची. हे बोलायला मला वाईट वाटतं, सगळे शेजारीच आहेत, अडीअडचणीला धावून येणारे आहेत, पण आपण स्वतः तोडल्याशिवाय झोनच्या साहेबांना कुठल्या तोंडानं सांगणार की बाकीचं तोडा. एक घर सोडून दुसरं तोडलं की मग कोर्टकचेरी आणि काम तिथंच थांबतं, हे आपण बघितलेलं आहे.

दुसरं, चालती बस सुरू करायची. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निघालेली कल्पना आहे, नंतर बऱ्याच देशांत पसरली, त्यात बस नसतेच. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मधे मुलं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टॉपवरून निघायचं. पहिला स्टॉप गेट, मग मारुतीचं मंदिर, मग पुलिया, तिथं बस्तीतली मुलं पण सामील होतील, त्यांना घ्यायचंच, ह्यावर चर्चा नको. आपल्या अर्ध्या घरांतले तरुण पीथमपूरच्या कारखान्यांत शिफ्टला सकाळी निघून जातात, सुनांना डबे आणि ऑफिस, तेव्हा ही ड्यूटी आम्हा रिटायर्ड लोकांची. तसंही मॉर्निंग वॉकच्या नावाखाली बगीच्यात बाकावर बसून राजकारणच करतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुलियावर खुर्ची टाकून बसायचं, नुसतं मोठं माणूस बसलेलं दिसलं तरी बाइकवाले हळू होतात. वार वाटून घेऊ, एकाला आठवड्यातून एकदाच येईल.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गेटवर जमायचं आणि पूर्ण रस्ता पायी मोजत जायचं. जोशीकाकांची लांब मोजपट्टी आहे, चुना मी आणते, जिथं अडतंय तिथं खूण करायची, ज्याच्या घरासमोर खूण पडेल त्यानं तिथंच सांगायचं कधी काढणार. प्राचार्य आले तर उत्तम. झोनवरच्या साहेबांसाठी नकाशाची एक प्रत ठेवलीये. भैया, तुम्ही नक्की या, आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या लहान मुलाला बरोबर आणा, साठ फुटी त्याच्याबरोबर ओलांडून बघा. नंतर पोहे तिथंच ठेल्यावर, पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.

आपली,
पुलियाच्या गल्लीतली एक आजी, आणि सोबत सह्या करणारी सगळी घरं